बिनवासाचा मजला

२ फेब्रुवारी

आज उंदराने अंगाचा साबण खाल्ला. अर्धी वडी फस्त, उरलेल्या अर्ध्या वडीवर दातांच्या रेघा, कंगवा फिरवल्यासारख्या. पिठाचा डबा झाला, मेणबत्ती झाली, चष्म्याचं घर झालं, आता साबण. म्हटलं, बाबा रे, अंघोळ तेवढी राहिलीय तुझी, तीही उरकून घे.

पिंजरा लावून पाहिला. आतला पावाचा तुकडा गेला, दार पडलंच नाही. विषाच्या गोळ्या मला नकोत. मेलेला उंदीर भिंतीत कुठेतरी कुजतो आणि महिनाभर नाकाला रुमाल लावून बसायची वेळ येते.

गुडघे धरले त्याला दोन वर्षं झाली. समोरच्या ओट्यापर्यंत जाते, जिना चढवत नाही. थोडक्यात, तळमजल्यावरच्या या दोन खोल्यांत मी आणि उंदीर. त्यातला मोकळा तोच.

५ फेब्रुवारी

खिडकीतल्या कुंड्यांवर पिठ्या ढेकूण पडला होता तेव्हा कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात हलवून फवारलं होतं. आठ दिवसांत पानं स्वच्छ. आज बसल्याबसल्या वाटलं, किड्याला वास सोसत नाही तर उंदराला कसा सोसेल? त्याचं नाक तर केवढं तिखट.

छापखान्यात एकतीस वर्षं पुस्तकांची बांधणी केली. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं छापील तावांच्या घड्या घालताना वाचलेलं, हातात येईल त्या कागदावरचं. त्यामुळे माझं शिक्षण सोळा-सोळा पानांचं. मधमाश्यांबद्दल मला पुष्कळ माहीत आहे, पण त्या मध कसा करतात ते पान दुसऱ्या टेबलावर होतं. तेलांचंही तसंच. पुदिना, लवंग, निलगिरी, गवती चहा यांच्या तेलांचा उग्र दर्प कुरतडणाऱ्या प्राण्यांना सहन होत नाही, त्यामुळे ते ती जागा सोडून... आणि तिथे कागद संपला होता. संपेना का. कामापुरतं कळलं.

८ फेब्रुवारी

पुदिन्याचं तेल नुसतं ठेवलं तर दुपारपर्यंत उडून जातं. कडुनिंबाच्या तेलात मिसळलं, वर लवंगेचे दहा थेंब घातले, तर तीन दिवस टिकतं. हे मी स्वतः शोधलं, कुठे वाचलं नाही. कापसाचे बोळे त्यात भिजवून बाटल्यांच्या झाकणांत ठेवले. कपाटामागे, मोरीत, ओट्याखाली, नळ भिंतीत शिरतो तिथे. वास घरात राहावा म्हणून खिडक्या लावून घेतल्या. डोळ्यांना पाणी येतंय, पण येऊ दे.

११ फेब्रुवारी

तीन दिवस आवाज नाही. पीठ शाबूत. नवा साबण शाबूत.

पहिल्या मजल्यावरचे मास्तर वर्तमानपत्र द्यायला आले आणि दारातच थबकले. "ताई, औषधांचं दुकान उघडलंत की काय?"

मी झाकणं दाखवली. मास्तर निवृत्त झाले तरी माणसाला बाकावर उभं करायची सवय गेली नाही. पाच प्रश्न विचारले. मी पाचांचीही उत्तरं दिली. जाताना म्हणाले, "जमलंय बुवा तुम्हाला." एवढं एक वाक्य, पण दिवसभर मला गरम पांघरुणासारखं पुरलं.

१४ फेब्रुवारी

मास्तर धावत आले. त्यांच्याकडे उंदीर. कधी नव्हते म्हणे. पुस्तकांच्या खालच्या फळीतले दोन कोश कण्यापासून कुरतडले. "कण्याची खळ खातात," मी म्हटलं. बांधणीवाली ना मी. त्यांना सहा झाकणं भरून दिली. सगळा दिवस आनंदात गेला. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे काही मागायला आलं.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्यावरचा बेकरीवाला सकाळीच हजर. जिन्यापासून बडबडत आला. "काकू, मास्तरांचे उंदीर बंद केलेत ना, आता माझे करा! रात्री मैद्याच्या पोत्यावर नाचतात साले. जिन्यात भेटले तर नमस्कार करत नाहीत तेवढंच."

त्यालाही दिलं. मास्तरांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, वळणदार अक्षरात: 'हलवून वापरावे. दर तिसऱ्या दिवशी नवा बोळा.' तेलं आणायला औषधाच्या दुकानात तेच जातात. मी मिसळते, ते चिकटवतात. संध्याकाळी दाराशी बाकडं टाकून बसलो तर येणारेजाणारे थांबून विचारतात. शेजारच्या इमारतीतूनही दोघं आले.

हाताची साल निघतेय. भांड्याचा साबण बदलायला हवा.

२१ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्यावर शिंपी आणि त्याची बायको. शिवणयंत्र घरातच, गिऱ्हाइकांचं कापडही घरातच. बायकोला दमा. तिला उतरवत नाही, मला चढवत नाही. ती खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडते, भाजीवाला भाजी घालतो, मी माझ्या खिडकीतून गाठ पक्की करते आणि दोरीला हिसका देते. दोन वर्षांत तिचं तोंड पाहिलं नाही. कधी चिठ्ठी येते, कधी माझ्या झग्याला बटण लावून येतं.

आज पिशवीत चिठ्ठी: 'मावशी, आमच्याकडे उंदीर झालेत. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर खाल्लं. हे फार काळजीत आहेत.'

मी लगेच एक बाटली आणि दहा झाकणं पिशवीत घातली. सगळ्यांत जास्त तिलाच दिली.

२२ फेब्रुवारी

बाटली परत आली. झाकणंही. 'बूच उघडलं आणि श्वासच लागला, मावशी. यांनी मला रात्रभर उशीला टेकवून बसवून ठेवलं. तुम्ही एवढ्या मायेने दिलंत, रागावू नका.'

रागावले नाही. थोडं लागलं मनाला. सगळ्या इमारतीला चालतं ते हिलाच कसं चालत नाही? झाडापानांचं तर आहे. त्यात कसलं आलंय वाईट.

२६ फेब्रुवारी

बेकरीवाला बायकोला घेऊन पाच दिवस सासुरवाडीला गेला होता, आज परतला. कुलपाच्या घरात मैद्याचं पोतं फोडलेलं, सगळीकडे पांढरी पावलं. जिन्यात उभा राहून वरच्या दिशेने ओरडला, "हे सगळं वरून येतंय! चिंध्यांचे ढीग साठवायचे आणि घरं आमची नासवायची!"

वरून यंत्राचा आवाज थांबला.

१ मार्च

आज घरमालकाकडून सगळ्यांना बोलावणं होतं. मला चढवत नाही म्हणून बैठक माझ्याच खोलीत. खिडक्या बंद, वासाने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. मालक स्वतः आला नाही, त्याने मास्तरांना सांगून ठेवलं होतं. शिंपी दारापाशी उभा राहिला. बस म्हटलं तर बसला नाही.

मास्तर म्हणाले, "हे पाहा, तीन घरांत उंदीर नाहीत. एकाच घरात आहेत. याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ सरळ आहे," बेकरीवाला म्हणाला. "जिथे घाण, तिथे उंदीर."

"घाण नाही हो आमच्याकडे," शिंपी हळू आवाजात म्हणाला. "मी रोज दोनदा झाडतो. धूळ चालत नाही हिला."

"मग काय उंदीर तिची तब्येत विचारायला येतात?"

कुणीतरी हसलं. मास्तरांनी चष्मा पुसला. मालकाचं म्हणणं असं की पंधरा तारखेपर्यंत घर स्वच्छ दिसलं नाही तर जागा सोडावी. शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, चिंध्या तेवढ्या रोजच्या रोज बाहेर टाकत जा."

असं म्हणायला नको होतं. पण तेव्हा खरंच तसंच वाटलं.

तो गेल्यावर बेकरीवाल्याने दोन बाटल्या जास्तीच्या मागून घेतल्या.

३ मार्च

पिशवीतून आज एक लांब कागद आला. सदऱ्याच्या बाहीचा खाका, शिंपी कापडावर ठेवून कापतात तसला. त्यावर बारीक अक्षरात तारखा. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मावशी, मला दिवसभर दुसरं काम नाही म्हणून मांडून ठेवलंय. कोणत्या दिवशी किती आवाज. तुम्ही हुशार आहात, यातून काही उपाय निघतो का बघा. जागा गेली तर दुसरीकडे तीन मजले चढून कशी जाणार मी, आणि यांच्या यंत्राला तळमजला कोण देतंय?'

मी माझी दैनंदिनी पुढे घेतली आणि कागद शेजारी ठेवला. कुणाचे बोळे कधी बदलायचे ते सगळं मी लिहून ठेवलंय, कारण लोक विसरतात. पहिला आवाज, वीस तारीख. बेकरीवाल्याला मी एकोणीस तारखेला तेल दिलं. नवे बोळे बावीसला. तिच्याकडे 'फार', तेवीसला. मग पंचवीस, सव्वीस, 'शांत'. 'शांत'. हे कसं? तेव्हा बेकरीवाला गावाला होता. बोळे वाळले होते.

चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

माझ्याकडून मास्तरांकडे. मास्तरांकडून बेकरीवाल्याकडे. बेकरीवाल्याकडून तिच्याकडे. वर आता गच्ची, गच्चीला पत्रा. पुढे जागाच नाही. एकही उंदीर मी घालवला नाही. ढकलत ढकलत नेले आणि जिचा श्वास पुरत नाही तिच्या खोलीत कोंडले. वर तिलाच म्हणाले, चिंध्या बाहेर टाक.

कागदाची घडी घातली आणि दैनंदिनीत ठेवली.

४ मार्च

मास्तरांना कागद दाखवला. त्यांनी सगळ्या तारखा दोनदा पडताळल्या. हुशार माणूस, लगेच समजले.

"समजा, ताई, तुमचं खरं आहे. मग?"

"मग काय? आपण सगळ्यांनी झाकणं उचलायची."

"म्हणजे उंदीर परत माझ्याकडे."

"थोडे तुमच्याकडे, थोडे माझ्याकडे. होते तसे. मग सगळे मिळून गवंडी बोलावू, भोकं बुजवू, गटाराला जाळी बसवू. बारा वर्षं नुसतं म्हणतोय आपण."

"आणि माझे कोश?" ते उठले. "ताई, हा कागद दुसऱ्या कुणाला दाखवू नका. उगाच लोकांचा गैरसमज होईल."

बेकरीवाल्याला दाखवला. तो हसलाच. "काकू, अहो तेल त्यालाही दिलं होतंत ना तुम्ही? नको म्हणाला. आता उंदीर त्याच्याकडे गेले तर त्यात आपण काय करणार? मला माणसांना पाव खाऊ घालायचाय, लेंड्या नाही."

खोटं काय बोलला? मीही बावीस तारखेला असंच काहीसं लिहिलंय. मागचं पान उलटून पाहिलं, शब्द वेगळे, मन तेच.

५ मार्च

काही सुचलं नाही.

६ मार्च

माझ्या घरातली झाकणं उचलली. सोड्याच्या गरम पाण्याने कोपरे पुसले, खिडक्या उघडल्या. निदान काही उंदीर तरी खाली येतील. पीठही उघडं ठेवलं.

तेल मिसळणं बंद केलं तर? पण मास्तरांना प्रमाण पाठ आहे, त्यांच्या कपाटात चार बाटल्या आहेत. माझी गरजच उरलेली नाही. मी काढलेली गोष्ट आता माझ्याशिवाय चालते.

७ मार्च

एक आला. एकच. मोरीत बसून इकडेतिकडे बघत होता, चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखा. मधल्या दोन मजल्यांचा वास ओलांडून येणार तरी कसे?

९ मार्च

शिंपी सकाळी दार वाजवून आत आला, हातात कात्री तशीच. पहाटे उंदीर तिच्या पायाच्या बोटाला चावला. ती उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपते, पाय खाली लोंबतात. दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून दोघांनी उतरवलं. मी दारात उभी होते. दोन वर्षांनी तिचं तोंड पाहिलं. माझ्या मनात होती त्यापेक्षा अंगाने खूप लहान आहे. केस पांढरे झालेत. हसली माझ्याकडे बघून. म्हणाली, "मावशी, किती बारीक झालात!" आणि मग तिला धाप लागली.

सुई टोचून परत आणली. वर न्यायला एक तास लागला. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवत होते, आणि मी खाली उभी राहून मोजत होते.

शिंपी परत खाली आला. "मावशी, आम्ही जातो. पंधरा तारखेची वाट बघत नाही. तिच्या बहिणीकडे एक पडवी आहे."

"यंत्र?"

"विकीन."

मी म्हटलं, "दोन दिवस थांब. माझ्यासाठी थांब."

१० मार्च

खरं सांगून काही झालं नाही. आज खोटं सांगितलं.

सकाळी मास्तरांना हाक मारली, बेकरीवाल्याला बोलावलं, शेजारच्या इमारतीतल्या दोघांनाही निरोप दिला. दाराशी बाकड्यावर बसले आणि हातमोजे काढले. महिनाभर लोक आले की मी हात लपवत होते. बोटांच्या पेरांची साल निघालीय, मधे लाल चिरा, दोन नखं काळी. हे साबणाने नव्हे, तेलानेच. साबण तर तीनदा बदलला, हे मलाही ठाऊक होतं.

"बघा," म्हटलं. "भेसळ निघाली. कडुनिंबाच्या तेलात कसलंतरी रसायन होतं. मला काल कळलं."

बेकरीवाल्याची बायको किंचाळली. "अगं बाई! आणि आमची पोरं त्याच खोलीत झोपतात!"

"पिठात उतरतं का हो ते?" बेकरीवाल्याचा चेहरा मैद्यासारखा झाला होता.

"पीठ वास ओढून घेतं, तुलाच माहीत."

मास्तर माझ्याकडे एकटक बघत होते. तेल त्यांनीच आणलं होतं, दुकान त्यांना ठाऊक होतं, तो कागदही ठाऊक होता. एका शब्दात माझं खोटं उघडं पाडू शकले असते. मी त्यांच्याकडेच बघून म्हटलं, "आणि मास्तर, याच्या वाफेने कागद ठिसूळ होतो. एकतीस वर्षं कागद हाताळलाय मी."

मास्तर उठले. मान खाली घालून जिना चढले. थोड्या वेळाने त्यांच्या मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ. त्यांना पटलं, की त्यांनी मला झाकून घेतलं, हे मला कधीच कळणार नाही.

दुपारपर्यंत सगळी इमारत सोड्याच्या पाण्याने धुऊन निघाली. बाटल्या माझ्या ओट्यावर आणून आपटल्या. बेकरीवाला म्हणाला, "काकू, माहीत नसलेल्या गोष्टीत हात घालू नये माणसाने." पहिल्यांदाच माझ्यासमोर त्याला विनोद सुचला नाही.

१४ मार्च

उंदीर सगळीकडे. मास्तरांकडे, बेकरीवाल्याकडे, माझ्याकडे. माझ्या चपलेची टाच खाल्ली.

मालकाला मास्तरांनी कळवलं की सगळ्याच घरांत आहेत, कुणाकुणाला काढणार? त्यापेक्षा गवंडी पाठवा. बेकरीवाला तर मालकाच्या दारातच जाऊन बसला म्हणे. बारा वर्षांत जे झालं नाही ते मैद्याच्या एका पोत्याने झालं.

१९ मार्च

गवंडी तीन दिवस होता. नळांभोवतीची भोकं काचेचा चुरा आणि सिमेंट घालून बुजवली. गटाराला लोखंडी जाळी बसवली. जाळीपाशी एक बीळ सापडलं, माझी मूठ जाईल एवढं, थेट माझ्या मोरीमागे. सगळे तिथूनच येत होते. त्याने मला बोलावून दाखवलं आणि म्हणाला, "आजी, यांचा दरवाजा तुमच्याकडेच होता."

जाळीच्या बाहेर पिंजरे लावलेत. आजवर अकरा.

बाकड्यावर आता कुणी थांबत नाही. बेकरीवाल्याची बायको जाताना पोरांना दुसऱ्या कडेने नेते. मास्तर वर्तमानपत्र देतात ते दाराच्या कडीत अडकवून जातात. आज ते वाचलंच नाही.

२३ मार्च

दुपारी शिंपी आला. बसला, पाणी प्यायला. तिसऱ्या मजल्यावर चार दिवस आवाज नाही. बोटाची जखम भरली. ती झोपते आता. जागा सोडण्याचं कुणी पुन्हा काढलेलं नाही.

मग जरा घुटमळत म्हणाला, "मावशी, एक बोलू? रागावू नका. आमची ही पहिल्या दिवसापासून म्हणत होती, त्या तेलात काहीतरी वाईट आहे. मीच तिला दटावलं, म्हटलं अगं, मावशी एवढ्या मायेने देतात. पण तिचं नाक पक्कं. घेतलं असतं तर काय झालं असतं हो!"

खरं काय ते ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्याला बायकोला सांगितल्यावाचून राहवलं नसतं, आणि तिच्या खिडकीतून ते सगळ्या इमारतीला कळलं असतं. मग बेकरीवाला दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानात. पुदिन्याचं तेल काही संपलेलं नाही जगातलं.

"खरंय रे बाबा," मी म्हटलं. "तिचंच बरोबर होतं."

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला आणि माझ्या हातावर हात ठेवला, हळूच, चिरा चुकवून. माझी मान खाली गेली. त्याला वाटलं, मला भेसळीची लाज वाटली.

वर जाताना तो शीळ घालत गेला. मी दारात उभी राहून ऐकत होते. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा. वर दार उघडल्याचा आवाज आला, ती काहीतरी बोलली, दोघं हसले. मग यंत्र सुरू झालं.